परवा घेतलेलं पुस्तक

नंदकिशोर : पण पोरी, एवढं उघडायचंच कशाला म्हणतो मी?

सहर : म्हणजे? न उघडता वाचायचं कसं, काका?

नंदकिशोर : थोडं थोडं उघडायचं. असं, फटीतून. तू एकदम आडवं पाडलंस टेबलावर. मग बाइंडिंग बिचारं काय करणार?

सहर : बिचारं? परवा तुमच्या याच काउंटरवरून घेतलं. बसमध्ये प्लास्टिकपण काढलं नाही मी. घरी जाऊन पहिलं पान उलटलं, ते हातात आलं. दुसरं उलटलं, तेपण आलं. कोबी सोलावा तसं सोललं मी ते. वाचायचं राहूनच गेलं.

नंदकिशोर : खालीपिली टेन्शन देऊ नको. गिऱ्हाईक उभं आहे. बोला नंदिनीबाई, शाळेचे ग्राफपेपर ना? हे काढूनच ठेवलेत.

नंदिनी : आधी तिचं होऊ द्या, शेठ. मला काही घाई नाही. कसलं पुस्तक गं? कॉलेजचं?

सहर : खेळाच्या नियमांचं, मॅडम. एक जण गोष्ट सांगतो. गुहा, राक्षस, खजिना असलं. बाकीचे त्यातले वीर. काय करायचं ते वीर ठरवतात, जमलं की नाही ते फासे ठरवतात. आणि भांडण झालं की पुस्तकात बघायचं.

नंदिनी : खेळायला एवढं जाडजूड पुस्तक? लंगडी खेळताना आम्हाला नाही बाई लागलं कधी.

नंदकिशोर : तेच म्हणतो मी! टाइमपासची चीज. आणि हे बघा मॅडम, हिने ब्राउन पेपरचं कव्हर घातलंय. गादीखाली दाबून ठेवलं असणार. ठेवलंस की नाही? खरं बोल.

सहर : ठेवलं. नवीन पुस्तक आणलं की आमच्याकडे कव्हर घालतात आणि गादीखाली ठेवतात. पहिलीपासून तेच करते मी.

नंदकिशोर : झालं तर! दाबलंस म्हणून गेलं. केस खलास.

नंदिनी : काहीतरीच काय शेठ! गादीखाली आम्हीही ठेवतो. त्याने कव्हर छान बसतं, पानं नाही गळत. आण बघू इकडे. अगंबाई! ही शाई बोटाला लागते की.

सहर : गादीखालून काढलं, तर एका पानावरचा राक्षस शेजारच्या पानावर उलटा उमटलेला. अम्मी म्हणाली, याला जुळा भाऊ झाला. आणि लढाईचा धडा दोनदा आलाय. मग जादूचा धडा कुठे गेला? आलाच नाही. आता सांगा काका, जादूचा धडा मी गादीखाली दाबून गायब केला?

नंदिनी : लेबलपण लावलंयस. नाव : सहर. इयत्ता रिकामी. विषय : राक्षस.

सहर : शाळेची लेबलं उरली होती घरात.

नंदकिशोर : हसू नका, मॅडम. आपला बोर्ड वाचा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. आणि बिल कोणाच्या नावाने आहे, ते बघा. झहूर मुकादम. तू झहूर आहेस का? नाहीस ना? ज्याचं बिल, त्याच्याशी बोलणार मी. वडलांना पाठव.

सहर : बिल फाडताना तुमी विचारलंत, वडलांचं नाव काय? मला वाटलं, माझ्या नावापुढे लावायला विचारताय. तुमी नुसतं तेच लिहिलंत.

नंदकिशोर : सगळ्या पोरींना तसंच विचारतो. आपली जुनी रीत आहे. उद्या काही लफडं झालं, तर घरचा माणूस समोर पाहिजे.

सहर : अब्बा मस्कतला आहेत. मे महिन्यात येतील. तोवर काय पंखा बंद करून पानांवर बसून राहू?

नंदकिशोर : भाऊ असेल की एखादा.

सहर : आहे ना, रमीज. सकाळपासून मागे लागलाय. मी येतो, मी बोलतो, तुला ते गुंडाळतील. त्याला कोपरखैरण्यात बसवून आलेय. पुस्तक मी घेतलं, मीच बोलणार.

नंदिनी : बरोबर आहे तिचं. पण बाळा, एका खेळापायी एवढी उन्हाची धावत आलीस?

सहर : आज पाच वाजता आमी सगळे क्षिप्राच्या घरी जमणार, मॅडम. आजपर्यंत गोष्ट कायम निखिलने सांगितली. का? तर पुस्तक त्याच्याकडे. नियमपण त्याचे. माझा वीर दर वेळेला पहिल्या गुहेत मरतो, मग निखिल म्हणतो, तू मोकळीच आहेस, चहा ठेव. आज पहिल्यांदा गोष्ट मी सांगणार आहे. हे असलं पुस्तक घेऊन गेले, तर पंखा लावल्याबरोबर माझी गुहा हॉलभर उडेल. निखिल हसेल आणि स्वतःचं पुस्तक काढेल. मग मी पुन्हा किचनमध्ये. नाही जाणार मी.

नंदकिशोर : ते तुमचं तुमी बघा. दुकानाचा काय संबंध?

सहर : बरं. फळीवर अजून गठ्ठा आहे. त्यातलं एक उघडा. तुमीच निवडा, तुमच्याच हाताने उघडा. पाहिजे तर फटीतून. पानं जागेवर राहिली, तर गुपचूप घरी जाते.

नंदकिशोर : आणि सील तोडलेलं मग घेणार कोण? तुझा तो निखिल?

नंदिनी : उघडा, शेठ.

नंदकिशोर : आता तुम्हीपण?

नंदिनी : हो, मीपण. घराच्या कागदांसाठी ऑफिसात गेले, की मलाही हेच ऐकवतात. मिस्टरांना पाठवा. पगार माझा, खेटे माझे, आणि बोलायला यांना मिस्टर लागतात! डोकं फिरतं माझं. उघडा म्हणते ना.

(शेठने गठ्ठ्यातलं सगळ्यात धडधाकट दिसणारं पुस्तक निवडलं, दाताने प्लास्टिक फाडलं आणि झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढावं तसं ते हळूच उघडलं. काहीच झालं नाही. शेठ हसला. सहर आपली सुटी पानं गोळा करायला लागली. आता कुठल्या तोंडाने थांबायचं? तेवढ्यात वरच्या पंख्याचा वारा लागला आणि पानांचा एक आख्खा जुडगा सरकून नंदिनीबाईंच्या ग्राफपेपरवर येऊन पडला.)

नंदिनी : माझ्या ग्राफपेपरला शाई लागली, शेठ. दुसरे काढा.

नंदकिशोर : काढतो. च्यायला. सगळा लॉटच असला आहे. छापणारा फोनवर येत नाही, मी तरी काय करू?

सहर : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

नंदकिशोर : काल एक मुलगा आला होता. हीच तक्रार घेऊन.

सहर : त्याला काय दिलंत?

नंदकिशोर : सीलं फोडून फोडून एक बरं निघालं, ते दिलं बदलून.

सहर : बोर्ड नाही दाखवलात त्याला?

नंदकिशोर : त्याचे वडील होते बरोबर.

नंदिनी : शाब्बास! काय पण न्याय!

नंदकिशोर : बस झालं, मॅडम. ए पोरी, पैसे घे परत आणि जा. बोर्ड गेला खड्ड्यात.

सहर : पैसे नकोत. पुस्तक पाहिजे.

नंदकिशोर : आता चांगलं कुठून आणू? बघितलंस ना?

सहर : हा आत्ता पडला ना, तो जादूचाच धडा आहे. माझ्यात तोच नाही. हे उघडलेलं मला द्या. दोन्ही मिळून एक धड पुस्तक होतंय. घरी दाभण आहे, गोधडीचा दोरा आहे. पाचच्या आत शिवते. पंखा फुल्ल केला तरी हलणार नाही.

नंदकिशोर : घे बाई, घे. ने.

सहर : असं नाही. बिल द्या.

नंदकिशोर : फुकट देतोय, त्याचं कसलं बिल?

सहर : फुकट नाही, बदलून देताय. तसंच लिहा. उद्या शाई पुसली गेली, तर मी परत येणार. तेव्हा कोणाला पाठव म्हणायचं नाही. आणि बाकीचा गठ्ठा विकायचा तर उघडून दाखवून विका.

नंदकिशोर : जड आहेस गं तू.

नंदिनी : लिहा, शेठ. मी थांबलेय.

नंदकिशोर : लिहितोय ना. पुस्तक एक, बदलून दिले. नाव... झहूर...

सहर : खोडा ते.

नंदकिशोर : हात वळणावर जातो गं. खोडलं. बोल.

सहर : सहर.

नंदकिशोर : सहर. लिहिलं. पुढे?

सहर : पुढे तारीख टाका, काका.