कूलरविना दोन उन्हाळे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या 'सजीव निवास' वसाहतीचे विकासक भैय्याजी गोतमारे, सत्कारमूर्ती वास्तुरचनाकार ऋषी साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, दुसऱ्या टप्प्यात घर घ्यायला आलेली मंडळी आणि मागच्या रांगांत बसलेले पहिल्या टप्प्यातले माझे शेजारी,

मी मनोहर डाखोळे, सरकारी बांधकाम खात्यातला निवृत्त अभियंता आणि या बावीस घरांच्या सोसायटीचा अध्यक्ष. ऋषी साहेब पुण्याला परत चालले. त्यांचं मानपत्र वाचावं आणि त्यावर सही करावी, हा मान भैय्याजींनी मला दिला. शाल-श्रीफळ झालं आहे, सभागृहातला एसी उत्तम आहे, तेव्हा सावकाश बोलतो.

ऋषी साहेब विद्वान आहेत यात शंका नाही. घर आमच्या मनासारखं बांधून देणार म्हणून त्यांनी आम्हाला एक फॉर्म दिला होता. चाळीस प्रश्न. सकाळी किती वाजता उठता? चहा कुठे घेता? भांडण झालं तर कोणत्या खोलीत जाऊन बसता? आम्ही नवरा-बायको दोन संध्याकाळी तो फॉर्म भरत होतो. कोणी आपल्याविषयी इतकं विचारतं याचंच आम्हाला अप्रूप. लग्न ठरवताना सुभद्राच्या वडिलांनीसुद्धा मला चारच प्रश्न विचारले होते.

आता मला सांगा, नागपुरातला साधा गवंडी घराच्या मालकाला पहिलं काय विचारतो? "साहेब, कूलर कोणत्या खिडकीत बसवता?" मग त्या मापाची चौकट, खाली लोखंडी अँगल, शेजारी नळ. हा प्रश्न त्या चाळिसांत नव्हता. ऋषी साहेब पुण्याचे, त्यांना एक वेळ माफ. पण मी? तेहतीस वर्षं नकाशे तपासले आणि एकसष्ट उन्हाळे याच शहरात काढले. कागदावर रंगवलेली हिरवी झाडं पाहिली आणि माझी अक्कल चरायला गेली.

कूलर लागणारच नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. घराला वाऱ्याचा मनोरा आहे. तो वरची हवा खेचून घरात सोडतो. मे महिन्यात आपल्याकडे वर जी हवा असते तिला लू म्हणतात, हे पुस्तकात नसावं. ती आमच्या थेट जेवणाच्या टेबलावर येते. पोळ्या वाळवायला सोय झाली.

पहिल्याच एप्रिलमध्ये बावीसही घरांनी मागच्या खिडक्यांत कूलर कोंबले. लगेच नोटीस आली. करारात लिहिलं आहे की घराच्या देखाव्याला बाधा आणणारं उपकरण खिडकीत लावता येणार नाही. मग एसी चालतो का, असं मी विचारलं. चालतो म्हणाले, कारण त्याचा डबा गच्चीवर लपतो. म्हणजे बादलीभर पाण्यावर आणि एका पंख्याच्या विजेवर चालणारा कूलर पर्यावरणाला घातक, आणि मीटर पळवणारा एसी मात्र हिरवा. अकरा घरांनी एसी घेतले. बाकीच्यांनी नोटीस फाडली. ऋषी साहेब, एवढी वर्षं शिकून माणूस इतकंच शिकतो का?

यंदा मे महिन्यात पर्यावरणपूरक वसाहतीच्या पुरस्काराची कमिटी दिल्लीहून येणार होती. भैय्याजी स्वतः घरी आले. हात जोडून म्हणाले, "काकाजी, तीन दिवसांसाठी कूलर काढून ठेवा. आपल्या लेआउटच्या इज्जतीचा सवाल आहे. तुम्ही सांगसान तर लोक ऐकतीन." मला अध्यक्षपदाची ऊब चढली. मी घरोघर फिरलो. एसीवाल्यांना काहीच करायचं नव्हतं, ते मला सरबत देत होते. माझा कूलर मीच सगळ्यांच्या आधी उतरवला.

तिसऱ्या दिवशी पारा सेहेचाळीसवर. सकाळपासून टँकर लावून भिंतींवर पाणी मारणं चाललं होतं. पाणी वाचवणारी वसाहत आहे आपली. कमिटी साडेचारला आली आणि बारा मिनिटं थांबली. एका साहेबांनी ओल्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "किती गार!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुपारी दोनला सुभद्रा मला म्हणाली होती, "मले गरगरून राहिलं जी. कूलर लावून द्या ना." मी म्हटलं, "कमिटी येऊन जाऊ दे. दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे." टाळ्या वाजवून घरी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. अंग चटका बसावा असं तापलेलं, आणि ती मला ओळखत नव्हती. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नऊ दिवस काढले. वाचली. अजून चालताना भिंत धरते. पुरस्कार आपल्याला मिळाला, तो बाहेर काचेच्या कपाटात आहे, जाताना जरूर पाहा.

आता हे मानपत्र. अक्षर फार सुंदर आहे. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे, "या वसाहतीतील बावीस कुटुंबे गेले दोन उन्हाळे कूलरविना सुखाने राहत आहेत." खाली माझं नाव छापलं आहे, सहीची जागा रिकामी आहे. हे नमुना-घरात लावायचं आहे, असं मला फोनवर सांगण्यात आलं. म्हणजे हे ऋषी साहेबांसाठी नाहीच. हे तुमच्यासाठी आहे, पहिल्या चार रांगांतल्या मंडळींसाठी. बाहेरच्या टेबलावर तुमचे करार तयार ठेवले आहेत. तुमच्या घरीही म्हातारी माणसं असतील, लेकरं असतील. करार करायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण आधी नकाशात कूलरची खिडकी काढून घ्या, आणि करारातलं ते देखाव्याचं कलम खोडून घ्या. खोडत नसतील तर घरी जा.

भैय्याजी, तुम्ही मघापासून घड्याळ दाखवून राहिले. झालंच माझं.

ऋषी साहेबांना पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा. पुण्यात हवा बरी असते, तिथे तुमची घरं शोभतील. माईक दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. दुसऱ्यांदा देणार नाहीत याची कल्पना आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर वयाकडे पाहून सांभाळून घ्यावं. मानपत्र इथे टेबलावर ठेवतो. सही केलेली नाही.

क्षमा मात्र एकाच माणसाची मागायची आहे, आणि ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आहे. सहा महिने झाले, घरात मला हे बोलता आलं नाही. सुभद्रा, तू मागितला तेव्हाच मी कूलर लावायला पाहिजे होता. थांब, एकटी उठू नको. मी येतो हात द्यायला.