अडेनियमला केळीचा नियम

आमच्या घरात कोणीतरी माझ्या अडेनियमला चोरून पाणी पाजत होतं. थंडीत हे झाड झोपतं, पानं गाळतं आणि त्याला थेंबभरही पाणी चालत नाही. म्हणून जामनेरला गारठा पडताच मी कुंडी ओट्यावरून खिडकीत आणली आणि वर चिठ्ठी लावली. बी रुजवून तीन वर्षं झाली होती, या उन्हाळ्यात पहिलं फूल येणार होतं. काल बुंधा दाबला, तर मऊ.

माझे आजोबा जन्मभर केळी लावत आलेले. मी थेट त्यांनाच विचारलं, “आबा, तुम्ही?”

“थंडीत केळीला विहिरीचं कोमट पाणी दिलं, की बाग वाचते.”

“ही केळी नाही. चिठ्ठी वाचली नाही का?”

“वाचली. पण पोरी, तहानलेल्याला चिठ्ठी दाखवायची का?”

माझं डोकं सणकलं. मी कुंडी पालथी केली, सडलेला बुंधा फेकला आणि एकच धड फांदी कापून घेतली. “ही आठ दिवस कोरडी राहिली तरच जगेल,” मी बजावलं. आबांची नजर तांब्यावर होती.

शेजारच्या अक्का दारातून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “ती फांदी माझ्याकडे दे. आमच्या घरात तुळशीलाबी कोणी पाणी घालत नाही.”