जीपमागची छोटी खोली

डोळ्यांत थेंब घातल्यामुळं ताराबाई जालन्याच्या दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी एक आजी अन् नातू बोलत होते.

“दादी, जीपच्या मागं जोडायची ही छोटी खोली. फोटो बघा. झोपायला गादी, मागं शेगडी.”

“अन् शेगडीखाली हा कप्पा कशाचा?”

“संडासाचा.”

“चुलीखाली संडास? मयंक, शरम न्हाई वाटत?”

“बरं, बिनसंडासाची घेतो.”

“मंग मी काय उघड्यावर जाऊ?”

“तुम्ही? दादी, मी अन् तुमची नातसून कनिकाच चाल्लो. गादी दोघांचीच आहे.”

“मंग सकाळपासून मला कशाला दाखवून राह्यला? सासऱ्यांच्या बैलगाडीत सगळं घर झोपायचं, अन् ह्या डब्यात एका म्हातारीला जागा न्हाई?”



“पोरा,” डोळे न उघडताच ताराबाई म्हणाल्या, “तिघांची बघ.”