भोकरीवरचा जाळीपंखी

चैताली : दहा वाजून वीस मिनिटं झाली, काका. किडा पुठ्ठ्यावरून सुटत नाही.

भीमराव : सुटेल कसा? अख्ख्या पोटाला फेव्हिकॉल थापलंयस. फर्निचर करायचं होतं का त्याचं?

चैताली : पाठीवरून फोटो छान येतो. पंखांची जाळी बघा ना, अगदी लेससारखी. नेटवर सगळे असेच लावतात.

भीमराव : फोटोला पोट लागत नाही, ओळखायला लागतं. तुमच्या बॅचला लॅबमध्ये दाखवलं होतं मी. त्रिकोणी कागदाचं टोक, त्यावर टाचणीच्या अग्राएवढा गोंद, किडा उजव्या कुशीवर. तू कॉम्प्युटरमध्ये गेलीस आणि विसरलीस.

चैताली : पण बाकी सगळं जुळतंय. भोकरीवरच्या जाळीपंख्याचं शंभर वर्षांपूर्वी छापलेलं ते वर्णन मी शब्दन् शब्द ताडून बघितलं.

भीमराव : ते एका मादीवरून लिहिलंय. एकाच. नर कुणी बघितलेला नाही.

चैताली : म्हणजे हा नर निघाला तर पहिला!

भीमराव : दुसरा.

चैताली : दुसरा?

भीमराव : एकाहत्तर साली, लॅबमध्ये शिपाई म्हणून नवा होतो, कॉलेजमागच्या भोकरीच्या झाडावर मला एक मिळाला होता. सरांना म्हटलं, सर, हा त्याचा नर वाटतो. सर म्हणाले, नेहमीचाच आहे, फेकून द्या, आणि बाटल्या धुवा.

चैताली : मग?

भीमराव : फेकला. बाटल्या धुतल्या.

कांताबाई : लग्न झाल्यापासून ऐकतेय मी हे. घरात आम्ही दोघं आणि तो किडा. हे घे गं, कोमट पाणी. चहाचं पातेलं मिळणार नाही, ही जुनी वाटी चालवून घ्या.

भीमराव : पुठ्ठ्यासकट सोड पाण्यात.

चैताली : तुम्हीच करा ना, काका.

भीमराव : माझा हात बघतेस ना? चहा कपात कमी, बशीत जास्त असतो. तू कर. आणि ओढायचं नाही, थांबायचं.

चैताली : किती वेळ?

भीमराव : सुटेपर्यंत.

चैताली : हा एकच आहे हो. मांजरी गावात आमच्या सोसायटीच्या कुंपणाजवळ हा मिळाला, ती भोकर परवा तोडली. तिथे क्लब हाउस होतंय. मिशी तुटली तर?

भीमराव : तर तुटकी मिशी जपून ठेवायची.

कांताबाई : मी श्वास घेतला तर चालेल का?

भीमराव : स्वयंपाकघरात जाऊन.

चैताली : काका, हलतोय... सुटला! मिश्या शाबूत आहेत. दोन्ही.

(मायक्रोस्कोपखाली काच सरकवली जाते.)

भीमराव : पाठीवर उलटा कर. ब्रशनं. पोटाच्या टोकाला काय दिसतं ते सांग.

चैताली : आधी तुम्ही बघा.

भीमराव : मला हवं तेच दिसेल. चौतीस वर्षं हवंय. तू सांग.

चैताली : दोन आकडे आहेत. आत वळलेले, समोरासमोर.

भीमराव : अंडी घालायची फट?

चैताली : नाही. नुसते आकडेच.

भीमराव : सरक.

कांताबाई : अहो, काय ते बोला की!

भीमराव : नर आहे.

कांताबाई : मग आज चहात साखर घालते तुमच्या. एक चमचा. डॉक्टरांना सांगायचं नाही.

चैताली : काका... एक गोष्ट आहे. पंखाच्या कडेची जाळीची घरं. वर्णनात दोन ओळी आहेत, फोटोत मलाही दोनच दिसल्या होत्या. आता भिजून कड उलगडलीय. तीन आहेत.

भीमराव : पुन्हा मोज.

चैताली : मोजल्या. दोन्ही पंखांवर तीन.

भीमराव : म्हणजे नराला तीन असतात, नाहीतर हा तो नव्हेच.

चैताली : म्हणजे नवीन जात?

भीमराव : एका किड्यावरून असं म्हणायचं नाही. त्यांनी एकीवरून लिहिलं, म्हणून तर आपण वाटीत बघत बसलोय.

चैताली : आणि तुमचा एकाहत्तरचा? त्याला किती होत्या?

भीमराव : मोजल्या नव्हत्या.

कांताबाई : इतक्या वर्षांत हे बोलला नाहीत कधी!

भीमराव : तू तरी कधी विचारलंस? चैताली, लेबल लिही.

चैताली : मांजरी. भोकर, पानाखाली. बारा जून दोन हजार पाच. जातीचं नाव?

भीमराव : ती ओळ मोकळी ठेव. खाली लिही, नर, एक.

चैताली : आणि कुणी ओळखला?

भीमराव : नर आहे, एवढंच ओळखलंय. तेवढ्यापुरतं दोघांचं नाव लिही.