चुन्याचे दगड

रोज जंगलात त्या एकाच वळणावर का बसता, असं विचारता ना? चहा घ्या, सांगतो.

धायरीच्या वरच्या राखीव जंगलात मी रोजंदारीवर राखणदार. पावसात वरच्या वाटेचा कडा खचला. पाटी लिहायची तर मला अक्षर येत नाही. म्हणून त्या वळणापासून कड्यापर्यंतच्या वाटेवरल्या दगडांना चुना फासला. आमच्यात ढासळत्या विहिरीला असाच चुना लावतात. पांढरं दिसलं की माणूस मागे फिरतो.

रविवारी शहरातला एक तरुण तिथूनच खाली पडला. आम्ही गावकरी त्याला चादरीच्या झोळीत घालून उतरवत होतो. मी म्हणालो, "अहो, एवढा चुना होता, दिसला नाही?"

"दिसला ना, बाबा. त्याच्या मागेच तर आलो. ट्रेकची वाट अशीच दाखवतात." जरा थांबून तो हसला. "खुणा छान केल्यात कुणीतरी. शेवटची तेवढी चुकली."

त्या मीच केल्या होत्या. म्हटलं, खाली पोचलो की सांगू. डांबरी रस्ता दिसायच्या आत तो गेला.

चुना मी त्याच दिवशी खरवडून काढला. आता चुन्याच्या जागी मी बसतो. माणूस दिसला की लोक निदान विचारतात.