तळटीप नसलेलं भुयार

अगं, त्या दिवशी माझं एम.ए. बडोद्याच्या अलकापुरीतच संपलं होतं, खरं सांगते! आमचे गाइड सर माहितीयेत ना? इतिहासाचे मसालेदार पॉडकास्ट ऐकणाऱ्यांवर नुसते खवळतात. "तळटीप नाही ती थाप!" त्यावरून एकाचा अख्खा प्रबंध परत केला त्यांनी. आणि मी रोज कानात इयरफोन घालून तेच ऐकते! माझ्या प्रबंधावर सही बाकी होती, बोल.

रिक्षाची वाट बघत मी वेढ्याचा भाग ऐकत होते, तेवढ्यात सरांची गाडी थांबली. "चल, बेसी जा, बस गाडीत, हरणीलाच जातोय." मी इयरफोन ओढून काढले, फोन पर्समध्ये कोंबला आणि बसले. गाडी सुरू झाली तसा एकदम आवाज घुमला, "अंधारात, भुयाराच्या तोंडाशी, एक सावली हलली!"

मेले! तोच माणूस, तोच आवाज! "सॉरी सर, बंद करते!" घाईत पर्सची चेन उघडेना. कसाबसा फोन काढला, तर बॅटरी संपून बंद पडलेला.

आवाज चालूच.

सर सरळ रस्त्याकडे बघत होते. आता तर मला जास्तच भीती वाटली. "सर... हा माझा फोन नाहीये."

"माहितीये. गप्प बस, भुयार येतंय."

हरणी मागे पडली, तरी उतरायचं नाव मीही काढलं नाही. भुयारातला माणूस सापडल्यावरच सरांनी गाडी वळवली. मला सोडताना माझ्याहून घाबरलेले. "विभागात बोलू नकोस हं. उद्या ये, सही करतो."