फोन उचलंना कुणी

(मंगळवेढा रोड. तिऱ्ह्याच्या अलीकडं अंबुबाईचं चहाचं हॉटेल. रविवार, सकाळचे साडेदहा. सुकन्या स्कूटी लावून नुकतीच आत आलीय.)

बिरप्पा : ...मी म्हंतो, पगार कशाचा घेत्यात ही लोकं? फोन वाजतूय, वाजतूय, आन् उचलाय एक माणूस न्हाय! कुणाचं जित्राब मरायला टेकलं आसंल, त्यानं कुणाच्या नावानं बोंबलायचं?

सुकन्या : आण्णा! कुठले लोक? कसला फोन? आधी इकडं बघा. चक्कर येतीय का? माझं नाव सांगा.

बिरप्पा : तुजं नाव? मीच ठेवलंय की ते. सुकन्या. आता तू माजं सांग.

अंबुबाई : फोनवर रडत हुती ती तूच व्हय गं? बस हितं. तुज्या बापाला काय झालं न्हाय. दोन चहा बिनसाकरंचं प्यालाय, आन् तवापास्नं रेडूवाल्यांचा उद्धार चाललाय.

सुकन्या : मावशी, काय बोलू तुम्हाला! साडेसहाला घर सोडलेला माणूस. आठपासून फोन करतीय मी. एकोणीस फोन! देगाव पालथं घातलं. आईनं तिकडं देव पाण्यात घातलेत.

बिरप्पा : काढ म्हणावं भाईर. गारठतील.

सुकन्या : चेष्टा सुचतीय? फोन का उचलला नाही?

अंबुबाई : ते मला इचार. ह्येच्या बंडीच्या खिशात उजेड पडला. म्हटलं, पावनं, फोन आलाय. तर मलाच म्हंतो, "माजा न्हाय त्यो. त्यांचा हाय. त्यांनी उचलाय पायजे." शेवटी मीच हात घालून काढला.

सुकन्या : म्हणजे रिंग ऐकू येत होती तुम्हाला?

बिरप्पा : न यायला काय झालं? कानातच वाजत हुती. जनावरांचा डॉक्टर आलाता रेडूवर. बाई म्हणाली, "आता आपण श्रोत्यांचे फोन घेऊया." आन् लागला वाजाय. मी म्हटलं, घ्या की! वाजून वाजून गप झाला. डॉक्टर खुशाल बोलाय लागला जंतावर. घटकाभरानं परत फोन. परत न्हाय घेतला. ह्याला काय बोलायचं?

सुकन्या : अहो, तो माझा फोन!

बिरप्पा : तू रेडूवर फोन केलातास?

सुकन्या : तुम्हाला केला होता! इयरफोन लावला की आपली रिंग कानात वाजते. रेडिओवर नाही वाजत. आणि हे आत्ता चालू नव्हतंच. जुने कार्यक्रम आहेत ते, तुमच्या फोनमध्ये साठवून ठेवलेले. डॉक्टर कधीच घरी गेला.

बिरप्पा : ...म्हंजे एवढा येळ मी तुजाच फोन...

अंबुबाई : आन् शिव्या डॉक्टरला!

सुकन्या : बरं, ते राहू दे. पण तुमच्या शुगरच्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. दहा किलोमीटर कशाला आलात? गावाकडं निघाला होता का? खरं सांगा.

बिरप्पा : आपल्या सांगोल्याला काय चालत जायाचंय व्हय मला? कार्यक्रम संपला की घराकडं वळायचं, हे माजं ठरल्यालं हाय. मेंढरं हुती तवाबी तसंच. खांद्याला रेडू. बाईनं शेवटचा नमस्कार घातला, बातम्या लागल्या, की मेंढरं माघारी. आज बाईनं नमस्कार घातला, मी वळलो. चार पावलं गेलो न्हाय, तवर पुन्यांदा, "नमस्कार, शेतकरी बंधूभगिनींनो!" म्हटलं, आजून हाय वाटतं. फिरलो. पुन्यांदा संपला, वळलो. पुन्यांदा नमस्कार, फिरलो. बाई बोलत आसताना पाठ फिरवून जायाचं मला जमत न्हाय.

अंबुबाई : मग तिऱ्ह्यापातूर फुगडी घालत आलास म्हण की.

सुकन्या : मीच... काल रात्री मीच सगळे भाग एकापाठी एक लावून दिले. आधी रोज एकच लावायचे. इयरफोनपण कालच आणला.

अंबुबाई : घ्या. मग रेडूवाल्यांवर कशाला चिडायचं? घरातच हाय की रेडूवाली.

बिरप्पा : सुके, हसतीस का रडतीस? एक काय तरी कर.

सुकन्या : मला वाटलं, तुमचं पण धुळाकाकांसारखं झालं. ते असेच सकाळी निघाले आणि घर विसरले. गेल्या आठवड्यात तुम्ही नळ चालू ठेवलात. चार दिवसांनी पाणी येतं आणि पार गल्लीत नदी. म्हणून मी मंगळवारचा नंबर लावलाय. डोक्याच्या डॉक्टरांकडं.

बिरप्पा : मला न इचारता?

सुकन्या : घाबरले होते, आण्णा.

बिरप्पा : नळ इसरलो, ते खरं. पर घर इसरलो न्हाय. देगाव नाका, नीलम्माच्या पिठाच्या गिरणीमागं, निळं दार. आजून काय सांगू?

सुकन्या : काही नको. पुरे. मंगळवारचं रद्द करते. देवा, किती हलकं वाटतंय. मावशी, एक साखरेचा चहा द्या मला. दोन चमचे जास्त.

अंबुबाई : देते. बापासमोर पिऊ नको पर. बघ कसा बघतूय.

सुकन्या : आणि आण्णा, उद्यापासून एकच कार्यक्रम. संपला की गप्प होईल असं लावून देते. कानात फोन वाजला तर तो माझा. हे बटण दाबायचं. कळलं?

बिरप्पा : कळलं. पर मला एक सांग. तू सकाळी हापिसात जातीस ती सांजच्याला येतीस. त्या मधल्या येळात तुजा फोन कवा आलाय मला? आज पैल्यांदा आला, आन् त्योबी एकोणीस येळा.

सुकन्या : कामात असते, आण्णा...

बिरप्पा : आसतीस. मी कुटं न्हाय म्हंतोय? वाजला की उचलीन मी, दाबीन तुजं बटण. पर मी हरवलो नसलो तरीबी करशील का?

सुकन्या : आण्णा...

बिरप्पा : आण्णा ऱ्हाऊ दे. करशील का न्हाय, त्येवढं सांग.